चुंबकाला न चिकटलेला खडा

मंगळवारी आणि शुक्रवारी नाशिकरोडचे रिक्षावाले एका डोळ्यावर रुमाल धरलेल्या माणसाला कुठं जायचं ते विचारत नसत. त्याला मागे बसवायचे आणि सरळ एकलहऱ्याच्या रस्त्याला लागायचे. वीजकेंद्राच्या अलीकडे, राखेनं पांढुरक्या झालेल्या बाभळींच्या मागं आक्काबाईचं पत्र्याचं घर होतं. घरापुढच्या मांडवात सकाळी आठलाच दीडशे माणसं बसलेली असायची. कळवणकडचे शेतकरी, नांदगावकडच्या बायका, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार. कुणाच्या डोळ्यात कुसळ, कुणाच्या डोळ्यात लोखंड. आणि डोळ्यात काहीच न गेलेले, नुसती मजा बघायला आलेले लोक त्याहून जास्त.

आक्काबाई चौरंगावर बसायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गालात पानाचा तोबरा, पुढं पितळी ताटली. समोर बसलेल्याच्या डोळ्यावर ती विड्याच्या पानाची सुरळी लावायची. रुंद तोंड डोळ्यावर, अरुंद टोक स्वतःच्या ओठांत. मग अशी ओढायची की मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं.

"आला गं माय! काळ्या तोंडाचा आला!" असं ओरडून ती ताटलीत थुंकायची. टिण्‌ असा आवाज व्हायचा. लाल थुंकीत एक काळा खडा पडलेला असायचा. दीडशे माणसं एकदम हात जोडायची.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी या दीडशे माणसांत कारभारी मिस्तरी बसला होता. शेजारी त्याचा जावई ललित, उजव्या डोळ्यावर ओला रुमाल दाबून. डोळ्यातून पाण्याची धार थांबत नव्हती आणि त्याचा पाय एकसारखा हलत होता.

"मामा, दवाखान्यात गेलो असतो तर?" ललितनं दुसऱ्यांदा विचारलं.

"दवाखान्यात डोळ्यात सुई घालत्यात, ललितराव. इथं बिनसुईचं काम हाय. बसा गप."

कारभारी अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. हजारातला एक कारागीर, पण त्याला फिटरकीपेक्षा जास्त अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. कारखान्यात कुणाच्या डोळ्यात कण उडाला, की त्याला कारभारीपुढं उभं करायचे. कारभारी पापणी उलटी करायचा, काडेपेटीतली काडी काढायचा, तिच्या टोकाला कापूस गुंडाळायचा आणि कण टिपायचा. नऊ वेळा निघायचा. दहाव्या वेळी निघाला नाही, तर तो माणसाला आक्काबाईकडं धाडायचा. डोळ्यावर लावायचे चष्मे कारखान्यात होते, पण ते घामानं धुरकट होतात म्हणून खिळ्याला लटकत असत. खुद्द मिस्तरी लावत नाही म्हटल्यावर बाकीचे कशाला लावतील?

ललितला तिथं चिकटवलं ते कारभारीनंच. मखमलाबादला ललितच्या घरची फुलशेती. शेवंती, गुलाब, पहाटे बाजार. पोरगी भाग्यश्री त्या घरात दिली आणि कारभारीनं जावयाला ग्राइंडरवर उभं केलं. सोमवारी दुपारी ठिणगी उडाली. कारभारीनं पाव तास काडी चालवली. एकदा वाटलं निघाला, एकदा वाटलं आत गेला. ललित ओठ चावत उभा होता, पण सासऱ्यापुढं ओरडायचं कसं? शेवटी काडी टाकून कारभारी म्हणाला, उद्या मंगळवार आहे, आक्काकडं जाऊ. कण निघाला नाही याचं त्याला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर त्यात जावयाच्या डोळ्यापेक्षा स्वतःच्या नावाचं दुःख जास्त होतं.

त्यांचा नंबर आला. आक्काबाईनं ललितची हनुवटी धरली.

"काय गेलं रं लेकरा डोळ्यात?"

"लोखंड. ग्राइंडरचं."

"लोखंडच!" आक्काबाई मांडवाकडं वळली. "आईनं मला रात्रीच सपनात सांगितलं व्हतं, की अंबडचं एक लेकरू येईन, डोळ्यात लोखंड घेऊन येईन."

रात्री सांगितलं होतं, तर सकाळी विचारलं कशाला? हा प्रश्न दीडशे माणसांतल्या एकालाही पडला नाही. कारभारीलाही नाही. आणि हा गडी कारखान्यात तीन वेळा माप घेतल्याशिवाय साधा बोल्ट पुढं देत नसे! पण भक्तीला बसताना माणूस अक्कल चपलांसोबत मांडवाबाहेर काढून ठेवतो, त्याला इलाज काय?

सुरळी लागली. सूंऽऽ करून ओढ घेतली. "आला गं माय!" टिण्‌. ज्वारीच्या दाण्याच्या चौथाईएवढा काळा खडा ताटलीत पडला.

"तीन दिस पट्टी घट्ट बांधायची. पाणी लावायचं नाय. औषिद घालायचं नाय. आन्‌ ह्यो खडा जाताना गंगेत सोडायचा, मागं वळून बघायचं नाय. घरी न्हेला, तर परत डोळ्यात जातो."

कारभारीनं खडा घेतला आणि सिटी बसच्या तिकिटात गुंडाळून खिशात टाकला. गोदावरीवर मात्र तो गेला नाही. आक्कावर अविश्वास होता म्हणून नव्हे हो! उद्या कारखान्यात दाखवायचा होता, म्हणून. आपण वेळेवर नेलं, केवढा कण निघाला बघा, असं चारचौघांत सांगायचं होतं. बढाई मारायची हौसही कधीकधी माणसाच्या कामाला येते.

बुधवारी सकाळी चहाच्या सुट्टीत त्यानं तिकीट उलगडलं. सगळे गोळा झाले. कारभारी हात हलवून हलवून सुरळीचा आवाज काढून दाखवत होता. यादव नावाचा टर्नर म्हणाला, "मिस्तरी, वाऱ्यानं उडून जाईल. चुंबकावर ठेवा ना."

ग्राइंडरला चुंबकी बैठक असते. बटण दाबलं की जॉब, म्हणजे घासायचा लोखंडी तुकडा, असा चिकटतो की पहारीनंही हलू नये. कारभारीनं खडा तिच्यावर ठेवला आणि बटण दाबलं. यादवनं गंमत म्हणून फुंकर मारली. खडा घरंगळत खाली पडला.

"बटण नीट लागलं नसंल," कारभारी म्हणाला. त्यानं खडा उचलून परत ठेवला, बटण बंद केलं, चालू केलं. बोटानं ढकलला. खडा गेला तसाच. त्यानं शेजारी लोखंडाचा कीस टाकून बघितला. कीस टपकन उभा राहिला, खडा मात्र लोळत राहिला.

कारभारीनं तो उचलून दोन नखांत धरला आणि दाबला. खडा चुरडला. आतून करडी भुकटी निघाली. एकलहऱ्याच्या प्रत्येक पत्र्यावर आणि प्रत्येक बाभळीवर बसते तीच, जळक्या कोळशाची.

कुणीतरी हसलं. कारभारी हसला नाही. लोखंड नखात चुरडत नाही, हे सांगायला त्याला कुठल्या देवीच्या स्वप्नाची गरज नव्हती. ललितच्या डोळ्यात लोखंड उडालं होतं, हे त्यानं स्वतः बघितलं होतं. मग ते लोखंड कुठं गेलं? गेलं कुठंच नाही. ते तिथंच आहे, घट्ट पट्टीखाली, आणि पट्टी बांधून आता दिवस उलटला. चहाचा कप तसाच ठेवून, साहेबाला न विचारता, त्यानं स्कूटर काढली.

मखमलाबादला पोचेपर्यंत त्यानं दोन सिग्नल तोडले आणि तिघांच्या शिव्या खाल्ल्या. घरात शिरला तर ललित खिडकीला चादर लावून अंधारात बसला होता.

"मामा," तो पावलांच्या आवाजावरून ओळखून म्हणाला, "खडा निघाला ना? मग अजून का टोचतंय हो? डोळा मिटला तरी टोचतंय."

कारभारी त्याच्यापुढं वाकला. त्यानं पट्टी सोडली. डोळा लालभडक, पापणी सुजलेली. दारातून आलेला उजेडही ललितला सोसवेना. भाग्यश्री हातातली शेवंतीची टोपली ठेवून धावत आली.

"नाना, सोडली का पट्टी? तीन दिवस सांगितले होते ना आक्कांनी?"

"आक्का खोटारडी हाय, पोरी. खडा राखेचा व्हता. लोखंड आतच हाय."

भाग्यश्री बापाकडं बघतच राहिली. "तुम्ही म्हणालात निघाला. काल मला डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगितलंत. तुमच्या शब्दावर ती पट्टी मी आवळली, नाना."

कारभारीनं पट्टी खिशात कोंबली. त्यानं ललितला स्कूटरवर मागं बसवलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई तिशीचीही नसेल. तिनं ललितची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा लावला आणि बराच वेळ भिंगातून बघत राहिली. कारभारी शेजारी उभा राहून घामानं भिजत होता.

"लोखंडाचा कण आहे. बुबुळाच्या पुढच्या पडद्यात रुतलाय. भोवती गंज धरलाय." तिनं डोळ्यात बधिर करण्याचे थेंब घातले. "हलू नका. दुखणार नाही."

ज्या सुईला तीस वर्षं कारभारी भीत होता, ती त्यानं बघितली. बाभळीच्या काट्याहून बारीक. दिव्याच्या उजेडात, भिंगातून बघत तिनं सुईच्या टोकानं कण अलगद उचलला. ललितनं 'स्स' सुद्धा केलं नाही. दोन मिनिटांचं काम. कण कागदावर काढून तिनं कारभारीच्या हातात दिला. राईच्या दाण्याहून लहान होता.

"गंज थोडा उरलाय, तो उद्या काढू. औषध वेळेवर घाला. आणखी दोन दिवस पट्टीखाली राहिला असता, तर पू झाला असता. मग मी डोळ्याची खात्री दिली नसती." मग ती पुन्हा यंत्राशी वाकली. "पण हे काय? कणाच्या बाजूला उभा ओरखडा आहे. चांगला खोल. हे कुणी केलं? डोळ्यात काही घातलं होतं का?"

कारभारीनं खाली बघितलं. काडी, कापूस, पाव तास, सगळं त्याला आठवलं. सांगायला हवं होतं, पण तो हातातला कण कागदात गुंडाळत राहिला.

"माझंच बोट लागलं असेल," ललित म्हणाला. "चोळलं होतं मी."

हे खोटं कारभारीला थपडेसारखं लागलं. तो बाहेर जाऊन बाकावर बसला.

बाकावर एक काळासावळा म्हातारा बसला होता. पायाशी पिशवी, पिशवीत छिन्नी-हातोडा. पाट्या-वरवंट्याला टाकी लावत गल्लोगल्ली फिरणारा गोटीराम. माणूस बोलका. कारभारीचं उतरलेलं तोंड बघून त्यानंच विचारलं, आणि एकलहरे हा शब्द ऐकताच तो हसायला लागला.

"आक्काबाई? मलाबी काढला ना तिनं खडा! दोन वरसं झाली. टाकी मारताना छिन्नीची कपची उडाली. आक्कानं टिण्‌ करून खडा पाडला. मी खूश! आठ दिस पट्टी बांधून बसलो, लय दुखलं तरी बसलो. पट्टी सोडली तं डोळ्यात पू." त्यानं डावा डोळा कारभारीपुढं आणला. "ह्यो बघा. कसा वाटतो? पिलास्टिकचा हाय. हितंच बसवला. चार महिन्यांनी घासून घ्यायला येतो."

कारभारीनं निरखून बघितलं. सांगितल्याशिवाय कळणार नाही इतका हुबेहूब होता. मग म्हणाला, "गोटीरामभाऊ, परवा शुक्रवार हाय. माझ्यासंगं एकलहऱ्याला येता?"

"कशाला?"

"खडा काढायला."

गोटीराम आधी बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि तो मांडीवर थाप मारून असा हसला की आतून कंपाउंडर ओरडला.

शुक्रवारी मांडव भरलेला होता. कारभारी आणि गोटीराम रांगेत बसले. कारभारीला क्षणभर स्वस्थता नव्हती. आक्काबाईनं ओळखलं तर? तिला डोळ्याचा संशय आला तर? गोटीराम मात्र रुमाल दाबून असा कण्हत होता की शेजारची बाई हळहळली. ही बाई अंबूबाई, नांदगावकडची. मांडीवर चार वर्षांची नात, तिच्या डोळ्यात सकाळीच काहीतरी उडालेलं. पोर रडून रडून थकली होती.

आक्काबाईनं गोटीरामला ओळखलं नाही. दर आठवड्याला शंभर डोळे बघणारीला दोन वर्षांपूर्वीचा कुठला आठवणार?

"काय गेलं रं दादा?"

"दगूड, आक्का. टाकी मारताना."

"दगूडच! आईनं रात्रीच सांगितलं मला." सुरळी डाव्या डोळ्यावर लागली. "आत सळसळतोय बघा कसा. मुळाशी जाऊन बसलाय. डागतराच्या बापाला निघायचा नाय." सूंऽऽ. "आला गं माय! काळ्या तोंडाचा आला!"

टिण्‌.

दीडशे माणसांनी हात जोडले. गोटीरामनंही जोडले.

"आक्का, लय उपकार झाले," तो मोठ्यानं म्हणाला. "पण मुळाशी म्हंजे कुठं व्हता वो? कारण मुळाशी तं..." त्यानं खालची पापणी ओढली, बोटानं डोळा काढला आणि ताटलीत, खड्याच्या शेजारी ठेवला.

पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. मागचे उठून पुढं आले. ताटलीतून एक डोळा सगळ्यांकडं बघत होता.

"पिलास्टिकचा हाय, घाबरू नका," गोटीराम म्हणाला. "खरा व्हता तो ह्याच चौरंगापुढं गेला."

मागून एक भगत गुरकावला, "पिलास्टिकच्या मागं अडकला आसंल खडा! आईला काय अवघड हाय?"

कारभारी उभा राहिला. त्याचा आवाज कारखान्यातला होता. "बरोबर हाय तुमचं. अडकला आसंल. मग एक करू. माझ्या डोळ्यात काल कीस उडालाय, समजा. आक्का, तुम्ही फकस्त पाण्यानं चूळ भरा, पान थुका, तोंड उघडून ह्या माणसांना दाखवा, आन्‌ मग माझा खडा काढा. निघाला, तर मी तुमच्या पायाशी लोळण घेईन."

"चूळ भरली तर आई रुसती," आक्काबाई म्हणाली.

तिची बाजू घ्यायला तिचेच भक्त पुढं झाले. "भरा आक्का! खोटं पाडा ह्याला!" कुणी तांब्याच आणून दिला. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. आक्काबाईनं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, आणि थुंकायच्या ऐवजी पानासकट सगळं गिळून टाकलं. मग जो ठसका लागला, तो थांबेना. तिसऱ्या ठसक्याला दाढेखाली उरलेला एक खडा तिच्या ओठांतून उडाला आणि ताटलीत पडला.

टिण्‌.

या वेळी कुणी हात जोडले नाहीत. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. "रांडंनं राख चारली आपल्याला," एक कांदेवाला म्हणाला. कारभारीनं तिथल्याच चुलवणामागचा राखेचा ढीग दाखवला, तिथले खडे नखात चुरडून दाखवले आणि ललितच्या डोळ्यातला खरा कण कागदावर उघडून धरला. सकाळी दाढेत खडे भरायचे, वर पान खायचं, आणि दर सुरळीला एक थुंकायचा. झाली आई प्रसन्न. साधा कण पुष्कळदा पाण्याच्या धारेनं आपोआप निघून जातो, त्याचं श्रेय आक्काला. जो जात नाही, तो तीन दिवस पट्टीखाली कुजतो आणि दोष नशिबाला.

माणसं पांगू लागली. पण अंबूबाई नातीला छातीशी धरून जागची हलली नाही.

"तुमचं आसंल बरुबर," ती म्हणाली. "पर मी आता कुठं जाऊ? दवाखान्याचं भ्या वाटतं बाई. तू मिस्तरी दिसतोस. तूच बघ की कापसानं टिपून. आमच्या गावात टिपत्यात."

तीन-चार माणसंही थांबली. कारभारीचा हात आपोआप खिशातल्या काडेपेटीकडं गेला. मग त्यानं तो मागं घेतला आणि म्हातारीपुढं खाली मातीत बसला.

"मावशे, माझ्या जावयाच्या डोळ्यात दोन व्रण हायेत," तो म्हणाला. "एक लोखंडाचा. तो बरा होतोय. दुसरा त्याच्याहून खोल हाय, तो जन्मभर ऱ्हाणार, काल डागतरीणबाईनं सांगितलं. तो मी केला. काडीला कापूस लावून, ह्या हातानं. तीस वरसं मी कारखान्यात ह्योच धंदा केला. आक्का खोटी व्हती, मी खोटा नव्हतो. पर डोळ्याला काय कळतंय, टोचणारा खरा का खोटा?"

अंबूबाईनं नातीला पुढं केलं. कारभारीनं तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून टाकलं, हापशावरून ताजं आणलं आणि पोरीचं डोकं बाजूला कलतं धरून नाकाकडून कानाकडं डोळ्यावर हळूहळू धार सोडली. "चोळू नको, बाळा. उघडझाप कर." चौथ्या धारेला पोरीनं डोळा नीट उघडला. त्यानं बघितलं, पण बोट लावलं नाही. "गेलेलं दिसतंय. पर दिसतंय म्हंजे गेलंच आसं नाय. डागतरीणबाईला दाखवल्याबिगर घरी जायचं नाय. मी येतो संगं."

रिक्षात पुढं ड्रायव्हरशेजारी गोटीराम बसला, मागं अंबूबाई, पोर आणि कारभारी. वाटेत डोळ्यावर रुमाल धरलेला एक माणूस एकलहऱ्याकडं चाललेला दिसला. कारभारीनं रिक्षा थांबवली आणि त्यालाही आत ओढलं.

वाचकहो, डोळ्यात काही गेलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, उघडझाप करा. निघालं नाही, रुतलं असेल, लोखंड किंवा काच असेल, तर काडी नको, पदराचं टोक नको, जीभ नको, घट्ट पट्टीही नको. दाब न देता डोळा झाका आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. जिथं ठिणगी उडते तिथं चष्मा लावा, धुरकट झाला तर पुसून लावा. आणि कुणी खडा काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी तो खडा हातात घेऊन नीट बघा. त्यानं कुठल्या देवाचा अपमान होत नाही.

भाग्यश्रीला त्या संध्याकाळी कारभारीनं ओरखड्याचं सांगितलं. ती पंधरा दिवस बापाशी बोलली नाही. कारभारीनंही तिला समजवायला जायची घाई केली नाही. औषधाचे थेंब घालायला तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी मखमलाबादला जायचा, हात साबणानं दोनदा धुवायचा आणि थेंब घालून न बोलता परत फिरायचा.